अवसादोपचारात औषधाची आवश्यकता : एक अर्थविचार

अवसाद या मनोविकारावर औषध घेणे आवश्यक आहे किंवा कसे, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेतील आहे. भाषाभ्यासाचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक होय. कोणत्या रुग्णास कोणते औषध द्यावे हे ठरविण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा आहे आणि त्या कामी व्याकरणाचा काडीचाही उपयोग नाही. परंतु हा प्रश्न रुग्णालयात जितक्या वेळा विचारला जातो त्याहून कितीतरी अधिक वेळा तो घरात, नातलगांत आणि मित्रमंडळींत विचारला जातो, आणि तेथे त्याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकाच शब्दात उत्तर मागितले जाते. एक पक्ष सांगतो की, हा मेंदूतील रसायनांच्या उणिवेचा रोग आहे, तेव्हा औषधावाचून गत्यंतर नाही. दुसरा पक्ष सांगतो की, हे मनाचे दुखणे आहे. मन खंबीर केले की पुरे, गोळ्यांच्या नादी लागू नये. पहिले उत्तर सरसकट मानल्यास ज्याला गरज नाही असा माणूस वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहतो. दुसरे उत्तर सरसकट मानल्यास ज्याचे अन्नपाणी तुटले आहे असा रुग्ण उपदेश ऐकत ऐकत प्राणास मुकण्याचा संभव असतो. उभयपक्षी चूक आहे ती वैद्यकाच्या अज्ञानाची असेलही. परंतु तिचे मूळ प्रश्नातील तीन शब्दांत आहे. ‘अवसाद’, ‘औषध’ आणि ‘आवश्यक’ हे ते तीन शब्द होत.

प्रथम रोगाचे नाव. मराठीत या विकाराला एकच सर्वमान्य नाव नाही. वृत्तपत्रे ‘नैराश्य’ लिहितात, काही आरोग्यविषयक पुस्तिकांत ‘उदासीनता’ आढळते, परिभाषेत ‘अवसाद’ व ‘विषण्णता’ हे शब्द आहेत, आणि बोलताना बहुतेक सारे ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळे होतात. यांपैकी ‘नैराश्य’ म्हणजे आशेचा अभाव; ते या विकाराचे एक लक्षण आहे, विकार नव्हे. ‘उदासीन’ म्हणजे व्युत्पत्तीने बाजूला बसलेला, तटस्थ; गीतेत तर ती वृत्ती प्रशंसनीय मानली आहे, आणि अवसादाने पीडलेला मनुष्य तटस्थ असतो असे त्याच्याजवळ एक रात्र काढलेला कोणीही म्हणणार नाही. ‘अवसाद’, ‘विषाद’ आणि ‘विषण्ण’ हे तिन्ही शब्द ‘सद्’ या धातूपासून आले असून खचणे, खाली बसणे हा त्यांचा मूळ भाव आहे. इंग्रजी शब्दही खाली दाबण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला असल्याने हे साम्य सोयीचे आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनात ‘अवसाद’ हाच शब्द योजला आहे. रुग्ण मात्र यांपैकी काहीच म्हणत नाही. कशात मन लागत नाही, जीव रमत नाही, अंगात त्राण नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अशी त्याची तक्रार असते. या साध्या वाक्यांत रोगाचे वर्णन परिभाषेपेक्षा अधिक नेमके आहे.

नाव कोणतेही घेतले तरी एका नावाखाली अनेक अवस्था कोंबल्या गेल्या आहेत ही खरी अडचण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय मानसचिकित्सक अवसादाचे दोन वर्ग करीत. एक अंतर्जात, म्हणजे बाह्य कारणावाचून आतूनच उद्भवणारा. दुसरा प्रतिक्रियात्मक, म्हणजे शोक, अपयश, दारिद्र्य यांच्या आघाताने आलेला. हे विभाजन व्यवहारात काटेकोरपणे करता येत नाही, दोन चिकित्सकांचे एकमत होत नाही, असे आक्षेप आले. १९८० साली अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेने आपल्या निदानग्रंथाची तिसरी आवृत्ती काढली, तीत कारणांचा विचार बाजूस ठेवला आणि लक्षणांची यादी व किमान दोन आठवड्यांचा काळ एवढ्यावर निदान बेतले. आप्तनिधनानंतरच्या दुःखाला जो अपवाद दिलेला होता, तोही २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून गेला. त्यामुळे निदानात एकवाक्यता आली हे खरे. पण नोकरी गेल्याने महिनाभर झोप उडालेला कारकून आणि आपल्या पापामुळे घरावर संकट आले अशा भ्रमाने अन्न सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली वृद्धा, ही दोघे एकाच शीर्षकाखाली आली. सौम्य, मध्यम, तीव्र अशी विशेषणे शीर्षकाला जोडली जातात खरी. पण बोलताना ती गळून पडतात. ‘तापावर औषध लागते काय?’ असे कोणी विचारले तर ताप पडशाचा की हिवतापाचा हे आपण आधी विचारतो. अवसादाच्या बाबतीत हा उलट प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आता ‘औषध’. या औषधांचा शोध कोणा सिद्धान्तावरून लागलेला नाही. तो योगायोगाने लागला आणि सिद्धान्त मागाहून आला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध क्षयरोग्यांना देऊन पाहण्यात येत होते. त्याने रुग्णांच्या वृत्तीत अनपेक्षित उल्हास दिसून आला, आणि १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी ते अवसादग्रस्तांना दिल्याचे निष्कर्ष मांडले. पुढे काविळीच्या भीतीने ते मागे घ्यावे लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून हे चिकित्सक इमिप्रामिन या द्रव्याची परीक्षा घेत होते. ते छिन्नमनस्कतेवर उपयोगी पडावे अशी अपेक्षा होती. तिथे ते निरुपयोगी ठरले, पण काही अवसादग्रस्तांना त्याने स्पष्ट गुण आला. १९५७ च्या आपल्या लेखात कून यांनी एक गोष्ट आवर्जून नमूद केली होती : हे औषध सर्व प्रकारच्या खिन्नतेवर सारखे चालत नाही, ज्या अवसादात शरीरच जड होते, सकाळी त्रास अधिक असतो आणि बाह्य कारण सापडत नाही, त्यावर ते विशेष लागू पडते. शोधकर्त्याने स्वतःच घातलेली ही मर्यादा पुढील अर्धशतकाच्या प्रचारात बहुधा विसरली गेली.

रसायनांच्या उणिवेचा सिद्धान्त कोठून आला याचा माग काढताना वाट मुंबईवरून जाते. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवर तिचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन आपली निरीक्षणे १९४९ मध्ये एका ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात छापली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न होतात असे वृत्तान्त येऊ लागले. दुसरीकडे हे द्रव्य प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने घटविते असे प्रयोगशाळेत दिसले. इप्रोनियाझिड आणि इमिप्रामिन यांचे कार्य याच्या उलट, म्हणजे ती रसायने टिकवून धरण्याचे, आहे हेही कळले. मग अनुमान सोपे झाले : ही रसायने घटली की अवसाद, वाढली की उपशम. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या संदर्भात आणि १९६७ मध्ये अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनवर भर देऊन या अनुमानाची मांडणी केली. शिल्डक्राउट यांनी आपली मांडणी म्हणजे गुंतागुंतीच्या वस्तुस्थितीचे अतिसुलभीकरण आहे हे स्वतःच कबूल केले होते.

या साखळीत एक कडी आरंभीपासूनच कच्ची होती. १९५५ साली लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व अवसादग्रस्त रुग्णांना रेसर्पिन देऊन नियंत्रित चाचणी घेतली, तिच्यात रेसर्पिनने अवसाद वाढण्याऐवजी रुग्णांना फायदाच झाला. ज्या द्रव्याने मेंदूतील रसायने घटतात त्यानेच गुण यावा, हा व्यभिचार होय. पण सोप्या अनुमानाला त्याने धक्का लागला नाही. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाल्यावर तर ‘सेरोटोनिनची कमतरता’ हा शब्दप्रयोग रक्तक्षयातील लोहाच्या कमतरतेइतका घरगुती झाला. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन, अवसादात सेरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावरून औषधे निरुपयोगी आहेत असा ध्वनी काहींनी काढला, आणि तोही तितकाच चुकीचा आहे. अफूने हगवण थांबते, म्हणून शरीरात अफूची उणीव होती असे कोणी म्हणत नाही; आणि उणीव नव्हती म्हणून अफूने हगवण थांबतच नाही, असेही कोणी म्हणत नाही. औषधाचा गुण आणि रोगाचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘अवसादरोधी’ हे नाव या गोंधळात भर घालते. रोधी, नाशक, प्रतिबंधक या उत्तरपदांमुळे औषधाचा नेम एखाद्या जंतूवर असावा तसा रोगावरच आहे असे वाटते. प्रत्यक्षात हीच औषधे भयगंड, कृतिअनिवार्यता, मज्जातंतूंची वेदना, क्वचित अंथरुणात लघवी होणे अशा भिन्न विकारांवरही दिली जातात. उलटपक्षी, अवसादाची लक्षणे दाखविणाऱ्या सर्वांना याच औषधांची गरज असते असेही नाही. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्याने मनुष्य मंद, खिन्न व थकलेला होतो. त्याला लागते ते अवटूचे संप्रेरक. द्विध्रुवी विकारात खिन्नतेचे आणि उन्मादाचे झटके आळीपाळीने येतात. तेथे केवळ अवसादरोधी गोळी दिल्यास उन्माद उसळण्याची भीती असते, म्हणून लिथियमसारखे वृत्ती स्थिर ठेवणारे औषध हा उपचाराचा पाया असतो. या दोन्ही ठिकाणी औषध आवश्यक आहे, परंतु ज्याला लोक ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणतात ते ते नव्हे.

या औषधांनी गुण येतो काय? मराठीत ‘गुण येणे’ हा मोठा प्रामाणिक वाक्प्रचार आहे. गुण आला असे म्हणताना तो कशाने आला हे बोलणारा सांगत नाही. औषधाने, वैद्याच्या हातगुणाने, की दिवस गेल्यामुळे, हे तो मोकळे ठेवतो. नियंत्रित चाचणीचे सारे प्रयोजन या मोकळ्या जागेत कोण बसते हे शोधणे एवढेच आहे. काही रुग्णांना खरी गोळी आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषधद्रव्य नसलेली हुबेहूब गोळी, द्यावयाची आणि कोणाला कोणती मिळाली हे रुग्णास वा चिकित्सकास कळू द्यावयाचे नाही. १९६५ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अशी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात विद्युत्-उपचाराने सर्वांत अधिक रुग्ण सुधारले, त्याखालोखाल इमिप्रामिनने. फेनेल्झिन हे औषध प्लासिबोहून सरस ठरले नाही. आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही तृतीयांशाहून अधिक रुग्ण चार आठवड्यांत सुधारले. पुढील सहा दशकांच्या वादाचे बीज या एका चाचणीत आहे.

वाद चिघळला तो छपाईतील पक्षपातामुळे. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा मागोवा घेतला. प्रशासनाच्या मते त्यांपैकी ३८ अनुकूल होत्या. त्यातील ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल वा संदिग्ध चाचण्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापल्या गेल्या, आणि केवळ ३ जशा होत्या तशा प्रसिद्ध झाल्या. ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या चिकित्सकाला जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी दिसत होती. वस्तुतः निम्म्याच होत्या. संशोधनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणासही याहून अधिक अस्वस्थ करणारा हिशेब सापडणे कठीण आहे.

न छापलेली सामग्री धरूनही उत्तर शून्य येत नाही, हे मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, म्हणजे १,१६,४७७ रुग्ण, एकत्र तपासले; सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा सरस निघाली, पण सरसतेचे प्रमाण बेताचे होते. २०२२ मध्ये मार्क स्टोन आणि सहकाऱ्यांनी औषध प्रशासनाकडील ७३,३८८ रुग्णांची व्यक्तिशः माहिती अभ्यासली. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये तयार केलेल्या ५२ गुणांच्या मापनश्रेणीवर औषध आणि प्लासिबो यांतील सरासरी फरक १.७५ गुण इतकाच होता. या श्रेणीत एकट्या झोपेच्या तक्रारींना ६ गुण आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पावणेदोन गुणांचे मोल कळते. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की ही सरासरी सर्वांमध्ये सारखी वाटलेली नाही : सुमारे १५ टक्के रुग्णांना प्लासिबोने मिळाला नसता असा भरीव लाभ औषधाने होतो, बाकीच्यांना फारसा नाही. हे १५ टक्के कोण, हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण अद्याप हाती नाही. सरासरी पाहणारा म्हणतो, औषध क्षुल्लक आहे; त्या पंधरांपैकी एकाला पाहणारा म्हणतो, औषधाने माणूस परत आला. दोघेही एकाच अभ्यासावर बोट ठेवून बोलू शकतात.

येथपर्यंतचा विचार ‘लागू पडणे’ याचा झाला. ‘लागणे’ याचा नव्हे. मराठीचे ‘लागणे’ हे क्रियापद या विषयात विलक्षण राबते. मन लागत नाही हा रोग; औषध लागते ही गरज; औषध लागू पडते हा परिणाम; औषधाची सवय लागते ही भीती. चार वेगळ्या गोष्टी एका धातूने सांगितल्या जातात आणि चर्चेत एकीवरून दुसरीवर नकळत उडी मारली जाते. लागू पडते, तेव्हा ते लागतेच, हे अनुमान त्यांतलेच एक होय. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर औषध दिले असता गुण येतो हा अन्वय झाला. आवश्यकतेसाठी व्यतिरेक हवा, म्हणजे औषध न दिल्यास गुण येत नाही असे दाखविले पाहिजे. अवसादाच्या सौम्य व मध्यम अवस्थांत हा व्यतिरेक टिकत नाही. काही रुग्ण काळाने सुधारतात, काही व्यायामाने, काही बोलण्याच्या उपचाराने. अमेरिकेत रॉबर्ट डेरुबिस, स्टीव्हन हॉलन आणि सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र अवसादाच्या २४० रुग्णांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोळा आठवड्यांनंतर औषध घेणारे ५८ टक्के आणि बोधात्मक उपचार, म्हणजे विचारांच्या सवयी तपासून बदलण्याची पद्धती, घेणारे ५८ टक्के रुग्ण सुधारले. उपचार थांबविल्यावरच्या वर्षात बोधात्मक उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा आजारी पडले, तर औषध बंद केलेल्यांपैकी ७६ टक्के. मात्र ज्या केंद्रात उपचारक कमी अनुभवी होते तेथे बोलण्याचा उपचार मागे पडला, ही तळटीपही त्याच अभ्यासाची आहे.

व्यतिरेक टिकत नाही म्हणून औषध अनावश्यक ठरते काय? येथे तर्कशास्त्रातील आवश्यकता आणि व्यवहारातील आवश्यकता यांची फारकत होते, आणि मराठी व्याकरण व्यवहाराच्या बाजूने अधिक उपयोगी पडते. ‘औषध घ्यावे लागेल’, ‘घेतले पाहिजे’, ‘घ्यावे’, ‘घेऊन पाहावे’ या चार वाक्यांत सक्तीची उतरती श्रेणी आहे. पहिल्यात परिस्थितीचा रेटा आहे, दुसऱ्यात कर्तव्य, तिसऱ्यात सल्ला, चौथ्यात प्रयोग. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व शुश्रूषा उत्कृष्टता संस्थेच्या मार्गदर्शिकांत ‘द्यावे’ आणि ‘देण्याचा विचार करावा’ या अर्थाची दोन क्रियापदे पुराव्याच्या बळानुसार जाणीवपूर्वक वेगळी वापरली जातात. मराठीला त्यासाठी मुद्दाम संकेत ठरवावा लागत नाही, तो तिच्या आख्यातांत आहेच.

या श्रेणीवर अवसादाच्या अवस्था ठेवून पाहता येतात. भ्रम वा भास होणारा, अन्नपाणी सोडलेला, किंवा जीव देण्याच्या विचाराने ग्रासलेला तीव्र अवसादाचा रुग्ण पहिल्या वाक्यात बसतो. भ्रमयुक्त अवसादात अवसादरोधी व भ्रमनाशक अशी दोन औषधे मिळून, किंवा विद्युत्-उपचार, द्यावा लागतो. अशा रुग्णाशी बोलून उपचार करणे व्यर्थ असते असे नव्हे. पण बोलणे ऐकण्याइतके त्याचे चित्त ठिकाणावर यावे लागते, आणि त्याला अवधी नसतो. तीव्र परंतु भ्रमरहित अवसादात उपरोक्त ब्रिटिश संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका औषध व बोधात्मक उपचार यांचा संयोग अग्रक्रमाने सुचविते. तेथे ‘घेतले पाहिजे’ म्हणणे योग्य. पूर्वी अनेकदा अवसाद येऊन गेलेला आणि प्रत्येक वेळी औषधाने सावरलेला रुग्ण ‘घ्यावे’ या सल्ल्यास पात्र आहे. सौम्य अवसादात मात्र तीच मार्गदर्शिका सांगते की, रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तर औषध हा नेहमीचा पहिला उपाय म्हणून देऊ नये. तेथे फार तर ‘घेऊन पाहावे’. या प्रयोगार्थक रचनेत एक सचोटी आहे : लागू पडेलच असे नाही, दोन ते चार आठवडे थांबावे लागेल, न पडल्यास बदलू, हे सारे ‘पाहावे’ या एका शब्दात येते. पंचविशीच्या आतील रुग्णांत आरंभीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये तरुण प्रौढांसाठी ठळक इशारा छापण्यास सांगितले. त्या वयात ‘पाहावे’ याचा अर्थ जवळच्या माणसांनी रुग्णाकडे लक्ष ठेवावे असाही होतो.

‘सवय लागणे’ याविषयी दोन शब्द. या गोळ्यांची मद्यासारखी ओढ लागत नाही, हे खरे. पण दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास चक्कर, मळमळ, निद्रानाश, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना आणि बेचैनी येऊ शकते, हेही खरे. तेव्हा ‘सवय लागत नाही’ हे आश्वासन अर्धवट आहे. या त्रासाला रोग उलटला असे समजून पुन्हा गोळी सुरू केली जाते आणि ती जन्मभर ‘लागते’ असा समज होतो. दुसऱ्या बाजूने, रोग खरोखरच उलटतो असेही आढळते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ रुग्णांवरील एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्णांना अवसादाने पुन्हा गाठले. म्हणजे बंद केलेल्या शंभरांतील चव्वेचाळीस जण वर्षभर औषधावाचून राहिले, आणि चालू ठेवलेल्या शंभरांतील एकोणचाळीस औषध असूनही पडले. ‘बरे वाटू लागले’ आणि ‘बरे झाले’ यांतील अंतर रुग्णाला आतून कळत नाही. म्हणूनच बरे वाटताच स्वतःहून गोळी सोडणे धोक्याचे, आणि बरे होऊन वर्षे लोटली तरी कोणी पुनर्विचारच न करणे हेही गैर.

आतापर्यंतचे विवेचन दोन्ही उपचार हाताशी आहेत असे गृहीत धरून झाले. भारतात ते गृहीत टिकत नाही. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, अवसादग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताच उपचार मिळत नव्हता. दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता पडत नाही. अशा स्थितीत ‘औषध आवश्यक आहे’ या वाक्याचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा ‘औषधच उपलब्ध आहे’ एवढाच असतो. गोळी स्वस्त असते, पिशवीत मावते आणि तिला भाषांतर लागत नाही. बोलण्याचा उपचार मात्र रुग्णाच्या भाषेतच करावा लागतो. न्यूयॉर्कचा नमुना इंग्रजी परिभाषेसह उचलून आणल्यास तो उंबरठ्यावरच अडखळतो.

हा अडसर काढता येतो याचे एक उदाहरण गोव्यातील आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र अवसादाच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते; थोडक्या काळाचे प्रशिक्षण घेतलेली सामान्य स्थानिक माणसे होती. रुग्णाला सहा ते आठ भेटींत, सुटलेली कामे व आवडीच्या गोष्टी क्रमाने पुन्हा सुरू करण्यास लावावयाचे, अशी पद्धती होती. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर केंद्राचे नेहमीचे साहाय्य मिळालेल्या गटातील ३९ टक्के.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेला प्रकल्प याहून बोलका आहे, कारण त्याच्या नावापासूनच भाषेचा विचार झाला होता. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘विश्राम’ हा मराठी शब्द सिद्ध होईल अशी योजना केली, आणि त्या नावात ‘मनोविकार’ नव्हे तर ‘ताण’ या अर्थाचा शब्द घातला. प्रकल्पापूर्वी तेथील अवसादग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोक उपचारासाठी कोणाकडे गेले होते. प्रकल्पानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के आढळले. ही तुलना आधीच्या व नंतरच्या पाहणीची आहे, दोन समांतर गटांची नाही, तेव्हा वाढीचे सारे श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. गावातील कार्यकर्त्यांनी समुपदेशन करावयाचे आणि ज्यांना औषध द्यावे लागेल अशांना डॉक्टरकडे पाठवावयाचे, अशी त्या कामाची वाटणी होती.